एका डिस्कवर तीन बिऱ्हाडं

तिला सगळे वहिनीच म्हणत. लग्न होऊन घरात आली तेव्हा नणंदेनं पहिल्यांदा ही हाक मारली. ती शेजारणीनं उचलली, मग कोपऱ्यावरच्या दुकानदारानं, आणि पुढे तिनं कवळ्या बनवायचं काम सुरू केलं तेव्हा गिऱ्हाइकांनीही. तिच्या वडिलांच्या वयाची माणसं बोळकं उघडून बसायची आणि म्हणायची, "वहिनी, उजवीकडे जरा टोचतंय." एकदा तर खुद्द सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, आतल्या खोलीतून "वहिनी, चहा!" अशी आरोळी ठोकली होती. मग चूक लक्षात येऊन ते अर्धा तास वर्तमानपत्राच्या आडून बाहेर आले नाहीत.

घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. ओट्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, खिडकीत मेणाच्या वड्या, एका बाजूला गॅसची शेगडी आणि तिच्यावर एक मोठं पातेलं. कवळी साच्यात घट्ट बसवून गरम पाण्यात बराच वेळ शिजवावी लागते, ते हे पातेलं. पाहुण्यांना चहाच्या आधी ते दिसायचं आणि मग बरेच पाहुणे चहाला नको म्हणायचे. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर होता. त्यावर ती जबड्यांची मापं घेऊन दातांची मांडणी करी. संध्याकाळी तिचं काम आटोपलं की तिचा नवरा तिथे बसून विमानं उतरवी. तो गाडी चालवायला शिकवणारा माणूस. दिवसभर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग आणि आपल्या पायाखाली ब्रेक, त्यामुळे संध्याकाळी एखादं विमान तरी आपल्या मनासारखं खाली आणावं एवढीच त्याची हौस. घरातही कुणी जोरात चालत आलं की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुतायचा.

आप्पांचा कॉम्प्युटर वेगळा होता. होता म्हणजे, त्या गुरुवारपर्यंत होता. आप्पा एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी बनवत. इतकी वर्षं बनवत होते की त्यांच्या पहिल्या कोड्याशी झटापट केलेली मुलं आता नातवंडांना घेऊन दुसऱ्या कोड्याशी झटापट करत. त्यांचा कोड्यांचा प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चाले. माउस त्याला माहीतच नव्हता. त्या गुरुवारी त्या जुन्या यंत्रातून आधी वास आला, मग धूर आला, आणि मग काहीच येईना. आप्पा त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "आत्ताच उठलो तर बरं दिसणार नाही."

दुरुस्तीवाला आला. यंत्र उघडून त्यानं जीभ टाळ्याला लावून "च्" केलं. "आतली माहिती शाबूत आहे. पेन ड्राइव्हवर काढून देतो. पण हा प्रोग्रॅम तुमच्या पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर चालायचा नाही. त्याला त्याची जुनी सिस्टीमच लागेल."

"मग तीच सिस्टीम त्या कॉम्प्युटरवर घाला," वहिनी म्हणाली.

"आणि तुमची?"

"ती पण राहील."

"एका डिस्कवर दोन सिस्टीम?" दुरुस्तीवाल्यानं पेचकस खिशात ठेवला. "होतं तसं. तुकडे पाडायचे डिस्कचे. पण मी करणार नाही. एकदा केलं होतं एकांकडे. ते गृहस्थ अजून मला रस्त्यात ओळख दाखवत नाहीत."

एवढ्यात वन्सं आत आल्या. वन्सं म्हणजे वहिनीची नणंद, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. त्यांच्या घराच्या छताचं काम निघालं होतं म्हणून त्या महिनाभरासाठी माहेरी राहायला आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून "तुमची ही नेहमीची सिस्टीम म्हणजे" या शब्दांनी त्यांचं बरंचसं बोलणं सुरू होई. त्यांची स्वतःची सिस्टीम फुकट मिळणारी होती. ती जगभरच्या लोकांनी मिळून बनवली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाशी जणू आपलं घरोब्याचं नातं असावं अशा सुरात त्या तिच्याबद्दल बोलत.

"दोन करतेच आहेस तर तीन कर," वन्सं म्हणाल्या. "माझीही घाल. मुलांचे प्रयोग मांडायला मला लागतेच."

वहिनीनं क्षणभर विचार केला. तिचा एक स्वभाव होता. अवघड काम समोर आलं की तिला भीती वाटायच्या आधी हुरूप यायचा, आणि भीती मग मागून, काम निम्मं झाल्यावर यायची. "घालू," ती म्हणाली. "एका तोंडात बत्तीस जण राहतात. इथे तर तिघंच आहेत."

दुरुस्तीवाला लगबगीनं चपला घालून निघून गेला.

रविवारी सकाळी वहिनीनं दातांच्या सगळ्या मांडण्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर एक लांबलचक पट्टी आली. ही म्हणजे सगळी डिस्क. माउसनं धरून ओढलं की पट्टीचा रंग बदले आणि एकेक भाग वेगळा होई. सगळं घर खुर्च्या घेऊन मागे बसलं.

"अगं, हळू," नवरा म्हणाला. त्याचा पाय जमिनीत रुतला होता. "माझा विमानतळ कापशील."

"तुमच्या विमानतळाला एवढी जागा लागते?"

"धावपट्टी लांब असते."

"वहिनी, मला थोडी डावीकडे दे," वन्सं म्हणाल्या.

"डावं-उजवं सारखंच असतं, वन्सं."

"सारखं असेल तर द्यायला काय हरकत आहे?"

डावीकडे दिली. मग आप्पांची पाळी आली. आप्पांची जन्मभराची कोडी, त्यांचा प्रोग्रॅम आणि त्यांची सिस्टीम या सगळ्यांना मिळून जेवढी जागा लागत होती तेवढी तिनं कापली. पट्टीवर काहीच दिसेना.

"माझी कुठे आहे?" आप्पांनी विचारलं.

"ही काय. ही रेघ दिसते ना बारीक? त्यात सगळं मावतं तुमचं."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सगळं?" ते म्हणाले. "आडवे, उभे, सगळे शब्द?"

"उत्तरांसकट."

आप्पांचा चेहरा असा उतरला की वहिनीला राहवलं नाही. तिनं माउस धरला आणि आप्पांचा भाग चांगला ऐसपैस ओढला, विमानतळाच्या अंगणात पार आतपर्यंत. नवऱ्यानं ब्रेक दाबला, पण उपयोग झाला नाही. आप्पा खुलले. त्यांच्या जुन्या सिस्टीमला एवढी मोठी जागा ओळखताच येत नव्हती आणि ती एका कोपऱ्यात अंग चोरून बसणार होती, हे पुढे वहिनीच्या लक्षात आलं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

नेहमीची सिस्टीम डिस्कवर आधीपासूनच होती. वहिनीनं तिच्या शेजारी वन्संची सिस्टीम बसवली. ती शहाण्यासारखी बसली आणि कॉम्प्युटर सुरू होताना एक यादीही दाखवू लागली, कुठे जायचं ते विचारणारी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यात लहान म्हणून शेवटी आप्पांची घातली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

काळा पडदा आला. डाव्या कोपऱ्यात एक छोटी पांढरी रेघ लुकलुकत होती.

"वा!" आप्पा म्हणाले. "आली माझी."

"आणि आमच्या?" वन्संनी विचारलं.

वहिनीनं पुन्हा बंद करून चालू केला. यादी नाही, विमानतळ नाही, दात नाहीत. काळा पडदा आणि ती रेघ. तिसऱ्यांदाही तेच. नवऱ्याचे दोन्ही पाय जमिनीत रुतले. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्याच संध्याकाळी वक्त्यांना दात द्यायचे होते.

वक्ते हे तिचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं खरं काम पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होतं, पण कुणाचाही निरोप समारंभ असो की नळाचं उद्घाटन, हे भाषणाला उभे राहत आणि बसायचं विसरत, म्हणून त्यांना सगळे वक्तेच म्हणत. आज संध्याकाळी त्यांचा स्वतःचाच निरोप समारंभ होता. त्यासाठी त्यांनी खास नवी कवळी करायला टाकली होती. तिचा मेणाचा नमुना पक्का झाला होता, साचाही भरून तयार होता, पण शेवटची मापं ताडून बघायला कॉम्प्युटर हवा होता.

तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकलं आणि समाधानानं सुस्कारा सोडला. "शेवटी कुठली घातली?"

"जुनी."

"तिथेच घोडं पेंड खातं. ती जुनी सिस्टीम ज्या काळातली आहे ना, तेव्हा एका डिस्कवर दुसरं कुणी राहत असेल हे तिच्या गावीही नव्हतं. ती आली आणि पुढच्या दारावर स्वतःची पाटी लावून मोकळी झाली. तुमच्या बाकीच्या सिस्टीम आत सुखरूप आहेत. फक्त दार गेलंय."

"मग आता?"

"जुनी आधी घालायची, नवी नंतर. वडीलधाऱ्यांना आधी वाढायचं हे तुम्हाला मी सांगायला हवं का, वहिनी?"

वन्संकडे त्यांच्या सिस्टीमचा पेन ड्राइव्ह होता. तो लावून कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला आणि दोघींनी डोक्याला डोकं लावून दार दुरुस्त केलं. म्हणजे वन्संनी चार ओळी लिहिल्या आणि वहिनीनं त्यातल्या दोन चुकीच्या असल्याचं दाखवलं. पुन्हा चालू केल्यावर यादी आली. तिच्यात तिन्ही नावं होती. वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिनं नेहमीच्या सिस्टीममध्ये जाऊन पटकन मापं ताडली, साचा बंद केला आणि पातेल्यात सोडला.

आता खरं तर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण ती यादी दहा सेकंदच थांबे. तेवढ्यात कुणी निवड केली नाही, तर पहिलं नाव आपोआप सुरू होई. आप्पा खुर्चीत बसत, चष्मा शोधत, तो डोक्यावरच सापडला की तो खाली ओढत, आणि पडद्याकडे बघत तोवर त्यांच्यासमोर विमानतळ उघडलेला असे.

"हे काय? मी विमान मागितलं होतं का?"

"आप्पा, बंद करून पुन्हा लावा."

आप्पांनी पुन्हा लावला. या वेळी चष्मा आधीच डोळ्यांवर होता, पण यादीतली नावं मोठ्यानं वाचून त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवेपर्यंत पुन्हा विमान. तिसऱ्यांदा त्यांनी घाईनं भलतंच बटण दाबलं आणि वन्संच्या सिस्टीमवर जाऊन पोचले. तिथे एक डोंगराचं चित्र होतं. आप्पा ते बराच वेळ बघत राहिले. "हे बरं आहे," म्हणाले आणि उठून आत गेले.

"माझं नाव पहिलं ठेव," वन्संनी तेवढ्यात सुचवलं. "म्हणजे आपोआप हाच डोंगर येईल."

"आप्पांचं पहिलं ठेवते," वहिनी म्हणाली. "बाकीच्यांचे चष्मे जागेवर असतात."

तसं करून तिनं यादीची मुदतही वाढवली. मग आरशात न बघताच केस बांधले आणि पिशवी घेतली. पॉलिशची पूड संपली होती, ती आणायला बाजारात जायचं होतं. जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पातेलं शेगडीवर आहे. चार वाजले की गॅस बंद करा. साचा आपोआप थंड होऊ द्या. गार पाणी अजिबात घालू नका. ऐकलंत का?"

"चार वाजता बंद. गार पाणी नाही," नवरा म्हणाला. शिकाऊ लोकांना सूचना तीनदा सांगायची सवय असल्यानं त्यानं त्या स्वतःलाही तीनदा सांगितल्या. वन्सं छताचं काम बघायला गेल्या. त्यांची सिस्टीम पडद्यावर उघडीच राहिली.

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं आणि घरात भर दुपारी दिवा लावावा लागत होता. नवऱ्याचा जरा डोळा लागला. जागा झाला तेव्हा सहज त्यानं पडद्याकडे बघितलं. डोंगराच्या वर, कोपऱ्यात वेळ दिसत होती. पावणेसात.

त्याची पाचावर धारण बसली. तो धडपडत मागच्या खोलीत गेला. पातेलं उकळत होतं. चारला बंद करायचा गॅस, आणि पावणेसात! त्यानं गॅस बंद केला, पण एवढ्यानं त्याच्या मनाचं समाधान होईना. इतका वेळ शिजलेले दात म्हणजे आता गाळच उरला असणार. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "आप्पा, पावणेसात वाजले!" आणि त्यानं पातेल्यातला साचा चिमट्यानं उचलून थेट गार पाण्याच्या बादलीत बुडवला.

आप्पा बाहेर आले. कोडं दर रविवारी पाचच्या आत साप्ताहिकाकडे पाठवायचं असे आणि इतक्या वर्षांत त्यांची वेळ एकदाही चुकली नव्हती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पाठ ताठ केली. फोन उचलला आणि संपादकांना म्हणाले, "नमस्कार. मी राजीनामा देतोय."

"आप्पा? काय झालं?"

"ज्या माणसाला वेळ पाळता येत नाही त्यानं उभे-आडवे शब्द देऊ नयेत. एवढंच बोलतो."

एवढ्यात दारात वक्ते उभे. नवा कोट, हातात भाषणाच्या कागदांची गड्डी, आणि तोंडात जुनी, मधोमध चीर गेलेली कवळी. नवी घालून तसंच समारंभाला जायचा त्यांचा बेत होता. त्यांनी आतला गोंधळ ऐकला. "पावणेफात?" ते म्हणाले. त्या चिरेतून त्यांचे स आणि श निसटून जात. "माझा फमारंभ पाचला होता! लोक वाट बघत अफतील!"

"नसतील," आप्पा फोनवर हात ठेवून म्हणाले.

वक्ते मटकन बाकावर बसले. खिशात प्रत्येकाच्या फोन होता आणि फोनात वेळ होती. पण मोठ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असताना खिशात बघावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. फोनवरून मात्र संपादकांचा आवाज येत होता. "आप्पा! ऐका तरी! आत्ता दुपारचा सव्वा वाजलाय!"

आप्पांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग खिडकीकडे, पण तिथून आभाळानं काही पत्ता लागू दिला नाही.

वहिनी पूड घेऊन परत आली तेव्हा नवरा बादलीसमोर उकिडवा बसला होता, हौसेनं वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसलेले वक्ते बाकावर आपलंच भाषण मनातल्या मनात वाचून डोळे टिपत होते, आणि आप्पा फोनवर घासाघीस करत होते. संपादकांनी राजीनामा परत घ्या म्हणून इतकी विनवणी केली होती, की नुसता परत घेणं आप्पांना मानहानीचं वाटू लागलं होतं. "घेतो परत," ते सांगत होते, "पण कोड्याला पान पुरं पाहिजे. आणि ती खालची तेलाची जाहिरात तिकडे दुसरीकडे कुठेतरी."

वहिनीनं पिशवी खाली टाकली. ती सरळ बादलीपाशी गेली, साचा बाहेर काढून उघडला. कवळी निघाली, पण अचानक गार पाणी लागल्यानं ती वाकडी झाली होती. ओट्यावर ठेवली तर झुल्यासारखी डुलत होती.

"तू चार म्हणालीस," नवरा खालच्या आवाजात म्हणाला.

"आणि गार पाणी?"

नवऱ्यानं जमिनीकडे बघितलं. ब्रेक दाबण्यात आता अर्थ नव्हता.

रागावायला वेळ नव्हता. तिनं वक्त्यांची जुनी कवळी मागून घेतली, चीर भरली, कडा घासल्या आणि बजावलं, "ही कशीबशी धरलीय. फार बोलू नका. जोरात तर अजिबात नको. आणि टाळ्यांचं वाक्य असेल ते आधी घ्या."

वक्ते गेले. त्या संध्याकाळी ते उभे राहिले, तोंडापुढे रुमाल धरून चार वाक्यं बोलले, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग अख्खी कचेरी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. कुणीतरी त्यांना खांद्यावर घेण्याची भाषा केली. साहेबांनी डोळे पुसले आणि ते म्हणाले, इतकं हृदयस्पर्शी भाषण आपण आजवर ऐकलं नव्हतं.

वन्सं परतल्यावर वहिनीनं त्यांना पडद्यासमोर उभं केलं.

"घड्याळ बिघडलेलं नाहीये," वन्सं म्हणाल्या. "माझी सिस्टीम समजते की यंत्रातलं घड्याळ साऱ्या जगाच्या वेळेवर लावलंय. म्हणून ती त्यात आपल्याकडचे साडेपाच तास मिळवते. तुमची समजते की ते घरच्याच वेळेवर आहे. तशी चूक कुणाचीच नाही."

"वन्सं, जगाचं जग बघून घेईल. या घरात राहायचं तर तिला म्हणावं, या घराची वेळ धर."

वन्संनी तोंड वाकडं केलं, पण एक ओळ लिहिली आणि वेळ जागेवर आली. त्या दिवसापासून तिन्ही सिस्टीम एका घड्याळाखाली गुण्यागोविंदानं राहू लागल्या. आप्पांच्या कोड्याला पूर्ण पान मिळालं. ते भरता भरता त्यांच्या नाकीनऊ आले, पण कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दोन दिवसांनी वक्ते नव्या मापासाठी आले. जुन्या कवळीची चीर पुन्हा उघडली होती. वहिनीनं त्यांना खुर्चीत बसवलं, तोंडात मेण धरलं आणि म्हणाली, "या वेळी अशी घट्ट बसवते की तासभर बोललात तरी हलणार नाही."

वक्त्यांनी हातानं थांबायची खूण केली. मेण बाहेर काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, मला परवा अजून दोन ठिकाणी बोलायला बोलावलंय. कचेरीतल्याच लोकांनी माझं नाव फुचवलं." ते थोडे लाजले. "जरा फैलच ठेवा."